कार्ब्स कमी केले, पण त्या जागी ताटात काय आलं?

रानजाई :

नमस्कार मंडळी,

रक्तातली साखर काठावर आल्यामुळे गेले काही महिने मी कार्ब्स, म्हणजे पिष्टमय आणि गोड पदार्थांतली कर्बोदकं, कमी करून जेवतेय. पावडरी, बार, 'कीटो' लिहिलेली बिस्किटं यांतलं काहीही न आणता. जे खायचं ते मूळ रूपात ओळखू आलं पाहिजे, एवढाच नियम. धागा काढायचं कारण असं की लो-कार्बचा विषय निघाला की सगळे काय सोडलं ते सांगतात. साखर सोडली, भात सोडला, पाव सोडला. मग त्या जागी काय खाल्लं, हे फारसं कुणी सांगत नाही. आणि वाचत गेले, खात गेले तसं माझं मत पक्कं झालं की चांगलंवाईट जे काही होतं ते त्या रिकाम्या जागेवर काय येतं त्यावर ठरतं.

आधी थोडे आकडे, म्हणजे बोलताना गोंधळ नको. दिवसाला २००० कॅलरी घेणारा माणूस निम्म्या कॅलरी कार्ब्समधून घेत असेल तर ते साधारण २५० ग्रॅम होतात. १३० ग्रॅमच्या खाली आलं की त्याला लो-कार्ब म्हणायची पद्धत आहे. २० ते ५० ग्रॅमपर्यंत उतरलं की यकृत चरबीपासून कीटोन (ग्लुकोजऐवजी वापरायचं इंधन) बनवायला लागतं, तो कीटो. मी १०० च्या आसपास असते. मला कीटोन मोजायचे नव्हते, जेवणानंतर साखर उसळते ती आटोक्यात आणायची होती.

आता ताटाकडे या. १०० ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण २८ ग्रॅम कार्ब्स असतात, पावात जवळजवळ ५०. तेवढ्याच वजनाच्या फ्लॉवरमध्ये ५ आणि पालकात ४ पेक्षा कमी, त्यातही निम्म्याहून जास्त फायबर, म्हणजे न पचणारा चोथा. म्हणजे पोटभर भाजी खाल्ली तरी हिशेबात फारसं काही चढत नाही. माझ्या ताटात भाजी सगळ्यात जास्त असते आणि ती तेलात परतलेली असते, नुसती उकडलेली नाही. चव नसेल तर हे महिनाभरही टिकत नाही. तिच्या जोडीला अंडी, मासे किंवा डाळी-कडधान्यं. दही, मूठभर बदाम-अक्रोड, एखादं फळ. धान्य पूर्ण बंद नाही, पण ते आता मुख्य पदार्थ राहिलेलं नाही.

डाळी-कडधान्यांबद्दल वेगळं लिहिते, कारण लो-कार्बच्या बऱ्याच याद्यांत त्यांच्यावर फुली मारलेली असते आणि मला ते पटत नाही. १०० ग्रॅम शिजलेल्या मसुरीत २० ग्रॅम कार्ब्स आहेत खरे, पण त्यातले ८ फायबरचे, आणि वर ९ ग्रॅम प्रोटीन. साखर सावकाश चढते आणि पोट बराच वेळ भरलेलं राहतं. दिवसाला २० ग्रॅमची मर्यादा घातली तर मसूर बसणार नाही हे उघड आहे. १०० ची मर्यादा असेल तर ती का सोडावी?

सुरुवातीच्या आठवड्यात वजन भराभर उतरतं, त्याबद्दल दोन शब्द. शरीरात ग्लुकोजचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात असतो, यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंत सुमारे ४००. प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं. कार्ब्स कमी केले की हा साठा उतरतो आणि पाणी जातं. काट्यावर दीड-दोन किलो कमी दिसतात, पण ती चरबी नव्हे. पुन्हा भात खाल्ला की ते पाणी परत येतं. हे आधी माहीत असेल तर आनंदाने हुरळूनही जायला होत नाही आणि नंतर निराशही व्हायला होत नाही.

माझा अनुभव थोडक्यात: दुपारची झापड गेली, दोन जेवणांच्या मधली खा-खा गेली. साखर काठावरून खाली आली. वजन सावकाश उतरतंय.

मधुमेह किंवा रक्तदाबाची औषधं चालू असलेल्यांनी, गरोदर आणि स्तनपान देणाऱ्या बायकांनी, मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी, आणि खाण्याशी बिघडलेलं नातं ज्यांनी एकदा भोगलंय त्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय यात पडू नये. हे शेवटी लिहिलंय, पण माझ्या लेखी सर्वांत आधी हेच येतं.

तुमचे अनुभव, शंका, विरोध, सगळं लिहा.

---

पाऊलवाट :

छान मांडलंय. मी मागे सुरू केलं होतं, पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोकं इतकं दुखायला लागलं की सोडून दिलं. अंगात त्राण नव्हतं, रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे. तुम्हाला असं काही झालं नाही का?

---

रानजाई :

@पाऊलवाट, थोडं झालं. इन्शुलिन उतरलं की मूत्रपिंडं सोडियम जास्त बाहेर टाकतात, त्याच्या मागोमाग पाणी जातं. डोकेदुखी, उठल्यावर चक्कर, गोळे हे बहुतांशी त्यातून येतं. त्यात विकतचे खारट पदार्थही बंद झालेले असतात, म्हणजे मीठ दोन्हीकडून कमी. भाज्यांच्या गरम सुपात नीट मीठ घालून पिणं आणि पाणी पुरेसं ठेवणं, एवढ्यावर माझं भागलं. पालेभाज्या, बिया, सुकामेवा यांतून पोटॅशियम आणि मॅग्नेशियम मिळतं, तेही उपयोगी पडतं. मात्र रक्तदाब किंवा हृदयाचा आजार असेल तर मीठ आपल्या मनाने वाढवू नका.

आणखी एक. २५० वरून एकदम ३० वर उडी घेतली तर त्रास जास्त. मी आधी गोड पेयं आणि साखर काढली, मग पाव-बिस्किटं, शेवटी भाताचा आकार कमी केला.

---

काजवा :

धागा चांगला आहे, पण १०० ग्रॅम म्हणजे अर्धवट काम, असं माझं मत. मला टाइप २ मधुमेह आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ३० ग्रॅमच्या आत राहतो आणि माझी साखर वर्षानुवर्षांत नव्हती इतकी सरळ चालते आहे. २०२१ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एकत्रित विश्लेषण आलं होतं, २३ चाचण्या, १३५७ माणसं. सहा महिन्यांनंतर लो-कार्ब गटात ५७ टक्के लोकांचं एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) ६.५ टक्क्यांच्या खाली गेलं होतं, दुसऱ्या गटात ३१ टक्के. एवढा फरक दिसत असताना लोकांना मधला मार्ग का सुचवायचा?

आणि थोड्या धान्याने मला उलट जास्त खावंसं वाटतं. पूर्ण बंद ठेवणं मला सोपं जातं.

---

तळटीप :

काजवा, आकडे बरोबर आहेत, पण त्याच विश्लेषणात पुढे काय आहे तेही सांगायला हवं. वर्षभराने फरक बराच ओसरला. त्या ५७ टक्क्यांत औषधं चालू असलेलेही होते. औषधाशिवाय साखर आटोक्यात, अशी कडक व्याख्या लावली की फरक ठामपणे सांगण्याइतका उरत नाही. म्हणून मी त्याला 'सहा महिन्यांसाठी चांगला परिणाम' म्हणेन. तुम्हाला तो पुढेही टिकवता आला असेल तर उत्तमच आहे, त्यावर माझी काही हरकत नाही.

धागाकर्तीच्या मुद्द्याला मात्र एका मोठ्या चाचणीचा आधार आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातला अभ्यास, २०१८ साली प्रसिद्ध झाला. मधुमेह नसलेली ६०९ माणसं, वर्षभर. निम्म्यांना कमी चरबी, निम्म्यांना कमी कार्ब्स. पण दोन्ही गटांना एकच ताकीद होती की साखर आणि मैद्यासारखी धान्यं टाळा, भाज्या भरपूर खा, शक्यतो घरी शिजवा. कॅलरी मोजायला कुणाला सांगितलं नव्हतं. वर्षाअखेर एका गटाचं सरासरी ५.३ किलो उतरलं, दुसऱ्याचं ६ किलो. संख्याशास्त्राच्या दृष्टीने फरक नाही. जनुकांवरून किंवा इन्शुलिनच्या पातळीवरून कुणाला कोणता आहार लागू पडेल हे सांगता येतं का, तेही तपासलं होतं. सांगता आलं नाही. आणि प्रत्येक गटाच्या आत माणसामाणसांतला फरक प्रचंड होता, कुणाचं वजन खूप उतरलं तर कुणाचं चक्क वाढलं.

मला यातून असं दिसतं की 'नैसर्गिक, अख्खं अन्न' हा भाग दोन्हीकडे समान होता आणि बरंचसं काम त्यानेच केलं.

---

काजवा :

@तळटीप, वजनाच्या बाबतीत मान्य. पण त्या अभ्यासात मधुमेही नव्हते हे तुम्हीच लिहिलंय. साखरेचा प्रश्न ज्याला आहे त्याच्यासाठी कार्ब्सचा आकडा गौण होत नाही.

---

तळटीप :

हो, इथे तुमचं बरोबर आहे. माझं वाक्य वजनापुरतंच धरा.

त्याला जोडून अजून एक. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांच्या गटाने २० जणांना एका केंद्रात ठेवलं. दोन आठवडे कारखान्यात अति प्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साधं शिजवलेलं. समोर ठेवलेल्या अन्नात कार्ब्स, साखर, चरबी, फायबर, मीठ सारखंच राखलं होतं. हवं तेवढं खा, एवढंच सांगितलं. प्रक्रिया केलेल्या आठवड्यांत माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती आणि वजन ०.९ किलोने वाढलं. साध्या अन्नावर तेवढंच उतरलं. 'कीटो' छाप खाऊ विकत घेणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

---

चांदणवेल :

मी शाकाहारी आहे, अंडीही नाही. लो-कार्बचे सगळे सल्ले मांस-मासे-अंडी धरूनच असतात. डाळी काढल्या तर मी प्रोटीन कुठून आणू? ५० ग्रॅमच्या आत राहायचा प्रयत्न केला तर रोज तेच ते आणि पोट चीजने भरलेलं.

---

रानजाई :

@चांदणवेल, म्हणूनच डाळींवर फुली मारू नका म्हणतेय. प्रोटीनची किमान गरज वजनाच्या दर किलोमागे ०.८ ग्रॅम धरतात. वजन उतरवताना स्नायू टिकवायचे असतील तर १.२ पर्यंत जावं असं बरेच तज्ज्ञ सांगतात. ६० किलोच्या माणसाला म्हणजे ४८ ते ७२ ग्रॅम.

सोयाबीन आणि त्याचं टोफू यांत कार्ब्स कमी आणि प्रोटीन भरपूर, तुमच्यासाठी तो मोठा आधार. पाणी काढून घट्ट केलेल्या दह्यात १०० ग्रॅमला १० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन. भोपळ्याच्या बियांत १०० ग्रॅमला ३०, बदामात २१. खायचे अर्थात ३०-३० ग्रॅमच, कॅलरी बऱ्याच असतात. शिजलेल्या चण्यांत ९. दोन वेळा डाळ-कडधान्य, एकदा टोफू, दही आणि बिया असं धरलं तर आकडा गाठता येतो. ५० च्या आत राहायचा अट्टहास सोडा, १०० ते १३० मध्ये श्वास घ्यायला जागा मिळते. बी-१२ मात्र तपासून घ्या.

---

उंबरठा :

माझे वडील सत्तरीचे आहेत. रात्री इन्शुलिन घेतात आणि सकाळी एक गोळी आहे, नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' आहे. हा धागा वाचून त्यांना उद्यापासूनच सुरू करावं असं वाटतंय. भात बंद केला तर गोळी कमी होईल ना?

---

गवतफूल :

उंबरठा, कृपा करून उद्यापासून सुरू करू नका. औषधांशी संबंधित काम करते म्हणून कळकळीने लिहितेय.

इन्शुलिनचा डोस त्यांच्या सध्याच्या जेवणावर ठरवलेला आहे. जेवणातले कार्ब्स अचानक निम्म्यावर आणले आणि डोस तोच राहिला तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते, रात्री झोपेत तर कळतही नाही. स्वादुपिंडाला जास्त इन्शुलिन सोडायला लावणाऱ्या गोळ्यांचंही असंच, ग्लिमेपिराइड त्यातली एक. दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. 'ग्लिफ्लोझिन' गटाची गोळी लघवीवाटे साखर बाहेर काढते. तिच्यासोबत कार्ब्स फार कमी केले तर रक्तात कीटोनचं आम्ल साठण्याचा धोका वाढतो, आणि त्या वेळी साखर तपासली तर ती फारशी वाढलेली दिसत नाही. मळमळ, उलटी, पोटात दुखणं, धाप लागणं अशी लक्षणं दिसली तर साखर ठीक आहे म्हणून थांबायचं नाही, तातडीने रुग्णालय गाठायचं.

आधी त्यांच्या डॉक्टरांना सांगा की आहार बदलायचा विचार आहे. कोणतं औषध किती कमी करायचं आणि कोणतं थांबवायचं हे ते आधी ठरवतील, मग जेवण बदला. रक्तदाबाच्या गोळ्या असतील तर त्याही सांगा, कारण पाणी आणि मीठ उतरलं की दाबही उतरतो. आणि वॉरफरिन (रक्त पातळ करणारी गोळी) चालू असेल तर पालेभाज्या एकदम वाढवू नका. त्यातल्या 'के' जीवनसत्त्वामुळे औषधाचा परिणाम बदलतो.

---

उंबरठा :

बरं झालं विचारलं. थांबतो. डॉक्टरांची वेळ घेतली की कळवतो. मनापासून आभार.

---

रानजाई :

@गवतफूल, तुमचा प्रतिसाद धाग्याच्या अगदी वर हवा होता. काजवा, तुम्हीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली केलंत हे स्पष्ट लिहिलंत, ते फार बरं केलंत.

---

ओंजळ :

माझा अनुभव थोडा वेगळा. वजन आणि साखर दोन्ही उतरलं, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) छान कमी झाले, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) वाढलं, पण एलडीएल (वाईट) कोलेस्टेरॉल बरंच वर गेलं. कॉफीत लोणी, भाजीत क्रीम, येताजाता चीज असं चालू होतं, कारण वाचलेल्या सल्ल्यांत 'चरबीला घाबरू नका' असंच होतं. डॉक्टरांनी कार्ब्स तसेच कमी ठेवायला सांगितले आणि चरबीचा प्रकार बदलायला लावला. लोणी-क्रीमऐवजी ऑलिव्ह तेल, बदाम-अक्रोड, मासे आणि रोज कडधान्य. पुढच्या तपासणीत एलडीएल लक्षणीय खाली आलं.

धागाकर्तीचा प्रश्न म्हणून मला पटला. माझे कार्ब्स दोन्ही वेळा सारखेच होते.

---

तळटीप :

ओंजळ, तुमच्या अनुभवाशी जुळणारं एक निरीक्षण आहे. २०१८ मध्ये लॅन्सेट पब्लिक हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकात पंधरा हजारांहून अधिक अमेरिकी प्रौढांचा दीर्घकाळचा अभ्यास आला. कार्ब्स फार कमी आणि फार जास्त, दोन्हीकडे मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. पण कमी कार्ब्स खाणाऱ्यांत ज्यांनी त्या जागी वनस्पतिजन्य प्रोटीन आणि चरबी घेतली त्यांच्यात ते कमी होतं, आणि ज्यांनी प्राणिजन्य घेतलं त्यांच्यात जास्त. असे अभ्यास कारण सिद्ध करत नाहीत, लोकांनी काय खाल्लं हे त्यांच्याच आठवणीवरून घेतलेलं असतं. तरी दिशा दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

---

पाऊलवाट :

फळांचं काय? कुठे म्हणतात फळं बंद, कुठे म्हणतात निसर्गाने दिलेली साखर चालते.

---

रानजाई :

@पाऊलवाट, फळाफळांत फरक आहे. १०० ग्रॅममागे स्ट्रॉबेरीत ८ ग्रॅमपेक्षा थोडे कमी कार्ब्स, सफरचंदात १४, द्राक्षांत १८, केळ्यात २३. मी रोज एक फळ खाते, अख्खं, चावून. रस काढून नाही. रसात फायबर गाळलं जातं आणि तीन-चार फळांची साखर दोन घोटांत पोटात जाते. खजूर-मनुकांतलं पाणी गेलेलं असतं, त्यामुळे मूठभर म्हणता म्हणता बरीच साखर होते. मध आणि गूळ 'नैसर्गिक' असले तरी रक्तात गेल्यावर ती साखरच. फळ मी जेवणानंतर खाते, नुसत्या पोटी नाही. भाजी आणि प्रोटीन आधी, पिठूळ-गोड नंतर, या क्रमाने खाल्लं तर साखर कमी चढते असं छोट्या प्रयोगांत दिसलंय, आणि हा बदल करायला काहीच लागत नाही.

---

काजवा :

वेष्टनांवरच्या आकड्यांबद्दल एक सांगतो, यात भले भले फसतात. काही देशांत लेबलवरच्या कार्ब्समध्ये फायबर धरलेलं असतं, अमेरिकेत तसं आहे. युरोप आणि ऑस्ट्रेलियात ते वेगळं दाखवतात. 'निव्वळ कार्ब्स' काढायला फायबर वजा करायचं ते पहिल्या प्रकारात. दुसऱ्या प्रकारात ते आधीच वजा झालेलं असतं, पुन्हा वजा केलं की हिशेब चुकला.

आणि 'शुगर फ्री' चॉकलेटात माल्टिटॉल (साखरेऐवजी गोडीसाठी घालतात ते) असेल तर ते शून्य धरू नका. साखरेपेक्षा कमी असलं तरी रक्तातली साखर ते चढवतं, शिवाय जास्त झालं की पोट बिघडवतं. या बाबतीत मी धागाकर्तीच्या बाजूचा, वेष्टनातलं शक्यतो नकोच.

---

दूरचापल्ला :

मी लांब पल्ल्याचं धावतो. कार्ब्स कमी केल्यावर सावकाश धावणं ठीक चाललं, पण चढावर किंवा वेगाच्या सरावात पाय उचलेनात. कुणाला अनुभव?

---

तळटीप :

तसं होणं अपेक्षित आहे. जोराच्या व्यायामात स्नायूंना ग्लायकोजेन लागतं, चरबीतून ऊर्जा तेवढ्या वेगाने मिळत नाही. काही आठवड्यांनी शरीर चरबी जास्त वापरायला शिकतं, पण त्या ऊर्जेसाठी ऑक्सिजन जास्त खर्च होतो. वेग हवा असेल तर सरावाच्या दिवशी रताळं, बटाटा, ओट्स असं अख्खं अन्न खा आणि विश्रांतीच्या दिवशी कमी करा. साखर आणि वजन दोन्ही ठीक असेल तर तुम्हाला इतकं कमी करायची गरज आहे का, हेही बघा.

---

चांदणवेल :

एक नाजूक प्रश्न. पोट साफ होत नाही. बाकी सगळं छान चाललंय.

---

रानजाई :

नाजूक कसला, खूप जणांना होतं. धान्य गेलं की त्याच्यासोबतचं फायबर जातं आणि ते भरून काढायचं राहतं. दिवसाला २५ ते २९ ग्रॅम फायबर खाणाऱ्यांना हृदयविकार, टाइप २ मधुमेह आणि आतड्याच्या कर्करोगाचा धोका कमी दिसतो, असं २०१९ च्या लॅन्सेटमधल्या मोठ्या आढाव्यात होतं. तेव्हापासून मी कार्ब्सपेक्षा फायबरच जास्त मोजते.

माझा एक नेहमीचा दिवस सांगते. भाज्या सगळ्या मिळून ३०० ग्रॅम, त्यातून साधारण ७ ग्रॅम फायबर आणि १५ ग्रॅम कार्ब्स. शिजलेली मसूर दीडशे ग्रॅम, फायबर १२, कार्ब्स ३०. बदाम ३० ग्रॅम, फायबर ४ च्या जवळ, कार्ब्स ६-७. मध्यम सफरचंद सालासकट, फायबर ४, कार्ब्स २५. दह्याचे दहाएक धरा. फायबर २७ पर्यंत गेलं आणि कार्ब्स ९० च्या आतच राहिले. बाकी अंडी, मासे, तेल यांत कार्ब्स नाहीतच म्हणा.

फायबर एकदम वाढवू नका, गॅस होतील. आठवड्याला थोडं थोडं, आणि पाणी सोबत.

---

निवडुंग :

थोडं अवांतर. हे काही आजचं खूळ नाही. १८६३ साली लंडनच्या विल्यम बँटिंग यांनी स्वतःचं वजन कसं उतरलं त्यावर एक पत्रक छापलं. डॉक्टर विल्यम हार्वे यांच्या सल्ल्याने पाव, साखर, बटाटे, बिअर सोडली होती. पत्रक प्रचंड गाजलं. इन्शुलिन पहिल्यांदा माणसाला दिलं गेलं ते जानेवारी १९२२ मध्ये; त्याआधी मधुमेहात कार्ब्स तोडणं हाच डॉक्टरांकडचा मुख्य उपाय होता. कीटो आहाराची सुरुवात तर अपस्माराच्या (फिट येण्याच्या आजाराच्या) उपचारासाठी झाली, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये १९२१ च्या सुमारास. मुलांच्या काही हट्टी झटक्यांवर तो आजही वापरतात, अर्थात तज्ज्ञांच्या कडक देखरेखीत.

---

ओंजळ :

@निवडुंग, अपस्माराचं माहीत नव्हतं. धन्यवाद.

घरात एकटीच हे खाणारी असेल तर बाकीच्यांचा स्वयंपाक कसा सांभाळायचा, यावर कुणी लिहाल का? मला दोन-दोन चुली चालवून थकायला होतं.

---

रानजाई :

@ओंजळ, मी वेगळं शिजवतच नाही. भाजी आणि डाळ सगळ्यांसाठी एकच, नेहमीच्या दुप्पट. धान्य वेगळ्या भांड्यात, ज्याला हवं त्याने वाढून घ्यावं. मी माझ्या ताटात भाजी आधी वाढते आणि उरलेल्या जागेत भाताचे दोन-चार घास. मुलांना मी यात ओढलेलं नाही. त्यांच्या वाढीच्या वयात धान्य, दूध, फळं सगळं हवं. त्यांच्यासाठी घरात गोड पेयं आणली नाहीत एवढंच केलं.

---

उंबरठा :

कळवतो म्हणालो होतो. डॉक्टरांनी ती सकाळची गोळी बदलली, इन्शुलिन थोडं कमी केलं आणि साखर दिवसातून चार वेळा तपासायला सांगितली. धान्य निम्मं करायचं, त्याहून कमी नाही, असं स्पष्ट बजावलं. गवतफूल, तुमच्यामुळे वेळेत थांबलो. आता पुढे कोणत्या तपासण्या किती दिवसांनी करायच्या?

---

गवतफूल :

फार बरं वाटलं वाचून. ते सांगतील तेच अंतिम, पण साधारण असं असतं: एचबीए१सी तीन महिन्यांनी. तांबड्या पेशींचं आयुष्य १२० दिवसांच्या आसपास असतं, त्यामुळे त्याआधी तपासलं तर जुन्या जेवणाचे आकडे मिसळून येतात. लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे) आणि मूत्रपिंडाची तपासणी त्याच वेळी. रक्तदाब मात्र पहिल्या आठवड्यापासून घरीच, बसून आणि उभं राहून दोन्ही. उभं राहिल्यावर घसरत असेल तर तीन महिने थांबू नका, लगेच फोन करा.